पावकी ते औटकी : अंकलिपींतील अपूर्णांकांचें परीक्षण

(१)

महाराष्ट्रांतील इंग्रजीपूर्व शिक्षणाविषयीं जें लिहिलें जातें, त्यांत गणिताच्या वाट्याला बहुधा चारदोन वाक्येंच येतात. आणि अपूर्णांकांचा प्रश्न निघाला म्हणजे परस्परविरुद्ध असे दोन पक्ष आढळतात. पहिला पक्ष म्हणतो कीं, पंतोजीच्या शाळेंत पावकी, निमकी, पाऊणकी इत्यादि पाढे मुलांकडून घोकून घेत, परंतु अपूर्णांक म्हणजे काय याचा बोध त्या मुलांस मुळींच होत नसे. ती केवळ जिभेची तालीम होती. दुसरा पक्ष म्हणतो कीं, हे पाढे म्हणजे भास्कराचार्यांच्या लीलावतीचा लोकांपर्यंत पोंचलेला वारसा होय, व इंग्रजी पद्धतीनें तो आमच्या हातून हिरावून घेतला. दोन्ही पक्ष आवेशानें मांडले जातात. परंतु ज्या पुस्तकाविषयीं हा वाद, तें अंकलिपीचें लहानसें पुस्तक उघडून त्यांत नेमकें काय आहे व काय नाहीं हें पाहण्याची तसदी कोणताच पक्ष घेत नाहीं.

प्रस्तुत लेखांत अंकलिपी हा एक ग्रंथ आहे असें समजून, इतर कोणत्याही जुन्या ग्रंथाचें करावें तसेंच त्यांतील अपूर्णांक-प्रकरणाचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. ह्या ग्रंथास कर्ता नाहीं, रचनाकाल नाहीं, प्रस्तावना नाहीं. तो मुखानें आला आणि छापखाने निघाल्यावर कागदावर उतरला. असल्या ग्रंथाची साक्ष काढावयाची तर ती त्याच्या अंतरंगांतूनच काढली पाहिजे.

(२)

अंकलिपींत पूर्णांकांचे पाढे झाल्यावर अपूर्णांकांचे सात पाढे येतात ते असे : पावकी (पाव), निमकी (अर्धा), पाऊणकी (पाऊण), सवायकी (सव्वा), दिडकी (दीड), अडीचकी (अडीच) आणि औटकी (साडेतीन). पहिला प्रश्न असा कीं, हे सातच कां? पावणेदोनाचा पाढा नाहीं, सव्वादोनाचा नाहीं, साडेचाराचा नाहीं. व्यापाऱ्यास अडीच रुपये भाव जितक्या वेळां लागत असेल, तितक्याच वेळां पावणेदोन किंवा सव्वादोन लागणार. तेव्हां केवळ उपयोग ही कसोटी लावली तर ही निवड समजत नाहीं. पाव, अर्धा व पाऊण ह्यांचे पाढे येत असले म्हणजे पूर्णांकांच्या जोडीनें इतर सर्व पाढे बसवितां येतात, म्हणून गणिताच्या दृष्टीनें पहिले तीनच पुरे होते.

उत्तर भाषेंत आहे. ज्या अपूर्णांकास मराठींत एकेरी, स्वतंत्र नांव आहे त्याचाच पाढा अंकलिपींत आहे. ज्याचें नांव जोडून करावें लागतें त्याचा नाहीं. पाव, निम, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट हीं सात एकेरी नांवें. पावणेदोन, सव्वादोन, साडेचार हीं जोडनांवें. साडेतीन हें नांव जोडीचें खरें, परंतु त्यास औट हें एकेरी नांव पूर्वी होतें. संतवाङ्मयांत देहास औट हात म्हटलें आहे तें ह्याच अर्थानें. बोलण्यांतून तो शब्द आज गेला, पाढ्यांत मात्र राहिला.

हें अनुमान शेजारच्या भाषांवर पडताळून पाहतां येतें. हिंदी प्रांतांतील जुन्या शाळांत साडेतीनाचा हूंठा होता, आणि त्यापुढें साडेचाराचा ढौंचा व साडेपांचाचा पहुंचाही होता. गुजरातींत साडेतीनाचीं ऊठां व साडेचाराचीं ढींचां होतीं. म्हणजे जेथें साडेचारास स्वतंत्र नांव होतें तेथें त्याचा पाढाही होता. मराठींत तें नांव रूढ नव्हतें, म्हणून आमचा पाढा औटाशीं थांबला. बाजार तर तिन्ही प्रांतांत सारखाच होता. भेद पडला तो शब्दांमुळें.

हीं नांवें किती जुनीं आहेत हेंही पाहण्यासारखें आहे. दीड हा द्व्यर्ध शब्दापासून, अडीच हा अर्धतृतीय शब्दापासून व औट हा अर्धचतुर्थ शब्दापासून प्राकृताच्या वाटेनें आला. अर्धतृतीय म्हणजे ज्यांतील तिसरा अर्धा आहे तो. दोन पुरे आणि तिसरा अर्धा. इ. स. पूर्वीच्या तिसऱ्या शतकांतील अशोकाच्या लघुशिलालेखांत अडीच वर्षांसाठीं अढतिय व दीडपटीसाठीं दियढिय असे शब्द आले आहेत. आपले अडीच व दीड त्याच घराण्यांतील होत. उलट निम हा शब्द फारशी आहे. तेव्हां निमकी हें नांव तरी यवनी अमलापूर्वीचें असूं शकत नाहीं. अर्थात् नांव नवें म्हणून पाढाही नवा असें म्हणतां येणार नाहीं. अर्ध्याचा पाढा पूर्वी दुसऱ्या नांवानें चालत असेल. परंतु एवढें निश्चित कीं, अंकलिपी ही एका काळीं एका हातानें रचलेली नसून, वेगवेगळ्या काळचे थर तींत एकावर एक बसलेले आहेत.

(३)

आतां पहिल्या पक्षाच्या आक्षेपाकडे वळूं. हें केवळ पाठांतर होतें काय?

पाऊणकीचे पहिले चार टप्पे घ्या : पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. ह्या चार पायऱ्यांत पाऊण, अर्धा, पाव आणि पूर्ण हे चारही प्रकारचे शेष येऊन जातात, आणि पांचव्या पायरीपासून तोच क्रम तिनाच्या वाढीनें पुन्हां सुरू होतो. सवायकींत हेंच उलट क्रमानें दिसतें : सव्वा, अडीच, पावणेचार, पांच. औटकींत एकाआड एक अर्धा येतो व जातो : साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. जो मुलगा हें रोज म्हणतो, त्याच्या मनांत अर्धा आणि पाव मिळून पाऊण होतात, तीन पाऊण मिळून सव्वादोन होतात, ह्या गोष्टी दोन आणि दोन चार ह्याइतक्याच घट्ट बसतात. आजचा विद्यार्थी एक द्वितीयांश व एक चतुर्थांश ह्यांची बेरीज करतांना अंशांत अंश व छेदांत छेद मिळवून दोन षष्ठांश असें उत्तर काढतो, ही चूक शिक्षकांच्या नित्य परिचयाची आहे. दोन षष्ठांश म्हणजे तिसरा हिस्सा, आणि तो अर्ध्याहूनही लहान, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. पाऊणकी म्हटलेल्या मुलाच्या हातून ही चूक होणें शक्य नाहीं. कारण त्याच्या दृष्टीनें पाऊण ही दोन आंकड्यांची मांडणी नसून एक, तीन किंवा दहा ह्यांसारखी स्वतःचें नांव व स्थान असलेली एक संख्या आहे.

लेखनाची पद्धति पाहिली म्हणजे ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. जुन्या हिशेबांत पाव दाखविण्यास एक उभी रेघ (।), अर्ध्यास दोन (॥) व पाऊणास तीन (॥।) काढीत; सोळावा भाग म्हणजे आणा दाखविण्यास आडवी किंवा तिरपी रेघ असे. कोणत्याही जातीच्या तीनांहून अधिक रेघा कधींच येत नाहींत, कारण चार आडव्या मिळून एक उभी व चार उभ्या मिळून पूर्णांक होतो. अकरा आणे म्हणजे दोन उभ्या व तीन आडव्या. पूर्णांक दहांच्या पटीनें आणि अपूर्णांक चारांच्या पटीनें, अशी ही दुहेरी मांडणी आहे. हींत छेद लिहावा लागत नाहीं, जसा दशांश अपूर्णांकांतही तो लिहावा लागत नाहीं. रेघेच्या रूपावरून तो समजतो. असली मांडणी केवळ घोकंपट्टीची आहे असें म्हणणें धाडसाचें होईल.

इतिहाससंशोधकास ह्या रेघांचा प्रश्न नुसता कुतूहलाचा नाहीं. मोडी कागद बालबोधींत छापतांना ह्या रेघांसाठीं दंडाचेच खिळे वापरावे लागतात, आणि मग हिशेबाची रेघ कोणती व वाक्याचा दंड कोणता असा घोटाळा संभवतो. उदाहरणार्थ, एखाद्या यादींत १२॥, ७।, ४॥। अशा तीन रकमा व खालीं २४॥ अशी बेरीज आहे असें समजा. तिसऱ्या रकमेंतील शेवटची रेघ विरामचिन्ह समजून साडेचार वाचले तर बेरीज सव्वाचोवीस भरते व पाव रुपया कमी पडतो. मग मूळ कारकुनाची बेरीज चुकली असा शेरा देण्याचा मोह होतो. वस्तुतः चूक वाचणाराची असते. ज्यास पाऊणकी येते तो बेरीज ताडून पाहतो आणि रेघ जागेवर ठेवतो. म्हणून अंकलिपीचें हें प्रकरण मोडी वाचनाच्या शिक्षणाचाच एक भाग समजलें पाहिजे.

(४)

येथपर्यंत अंकलिपीच्या बाजूनें बोलणें झालें. आतां तिची मर्यादा पाहूं. कारण ती मर्यादा कोठें आहे हें सांगितल्यावांचून स्तुति किंवा निंदा दोन्ही पोकळ होतात.

अंकलिपींत तिसऱ्या हिश्शाचा पाढा नाहीं, पांचव्याचा नाहीं, सातव्याचा तर नाहींच. चौथाई हाच तिचा पाया. असें कां व्हावें ह्याचें कारण जुन्या मापांत सांपडतें. धान्याच्या मापाची खंडी वीस मणांची व मण बारा पायल्यांचा. वजनी मण चाळीस शेरांचा. रुपया सोळा आण्यांचा. बिघा वीस पांडांचा. चाहूर एकशेंवीस बिघ्यांचा. पटी निरनिराळ्या आहेत, परंतु सगळ्या चारांनीं भागल्या जातात. म्हणून पाव खंडी म्हणजे पांच मण, पाव मण म्हणजे तीन पायल्या, पाव रुपया म्हणजे चार आणे, पाव बिघा म्हणजे पांच पांड, पाव चाहूर म्हणजे तीस बिघे. कोठेंही तुकडा उरत नाहीं. तिसरा हिस्सा काढूं गेल्यास बारा व एकशेंवीस यांचा निघतो, सोळा, वीस व चाळीस यांचा निघत नाहीं. पांचवा हिस्सा वीस, चाळीस व एकशेंवीस यांचा निघतो, बारा व सोळा यांचा निघत नाहीं. सर्वत्र निभावणारी अशी चौथाईच. पायलीच्या खालचीं मापें तर नुसत्या अर्ध्याअर्ध्यानें उतरतात : अडशिरी, शेर, मापटें, चिपटें, कोळवें, निळवें. ज्या मुलास पुढें ह्याच मापांत आयुष्य काढावयाचें, त्यास पाव व त्याच्या पटी शिकविल्या म्हणजे बहुतेक काम झालें, असा पंतोजीचा हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता.

परंतु राज्याचे व्यवहार सगळे चौथाईंत मावत नव्हते. १७१९ च्या सनदांनीं मराठ्यांस जे हक्क मिळाले त्यांत चौथाईबरोबर सरदेशमुखीही होती, व ती दहाव्या हिश्शाची. चौथाईची वांटणी पाहिली तर राजबाबती हा चौथाईचा चौथा हिस्सा. म्हणजे मूळ वसुलाच्या रुपयांत एक आणा, आणि हें पावाचा पाव काढणाऱ्या मुलास तोंडीं सांगतां येईल. पण साहोत्रा चौथाईच्या शेंकडा सहा व नाडगौडा शेंकडा तीन. हे भाग रेघांनीं दाखवितां येत नाहींत. त्यांसाठीं कारकून शेंकड्याचा आश्रय घेई, आणि एकोत्रा, साहोत्रा, दहोत्रा अशी निराळी शब्दमाळ त्यासाठीं तयार झाली होती. तिसऱ्या हिश्शास तिजाई हा शब्द होता, भाऊबंदांच्या वांटणीसाठीं तक्षीम होती. पण त्यांचे पाढे नव्हते व त्यांना रेघही नव्हती. रुपयाची तिजाई म्हणजे पांच आणे चार पै. येथें आण्याच्या बारा पै धरल्या म्हणूनच उत्तर पुरें निघालें. नुसत्या सोळा आण्यांत आणि चौसष्ट पैशांत तें निघत नाहीं.

तात्पर्य असें कीं, जुन्या शिक्षणांत अपूर्णांकांचे व्यवहार तीन निरनिराळ्या खणांत ठेविलेले होते : पावाचा खण, शेंकड्याचा खण आणि वांटणीचा खण. ह्या तिन्ही ठिकाणीं एकच तत्त्व आहे, व कोणताही भाग कोणत्याही भागांत मिळवितां येतो, ही गोष्ट अंकलिपी सांगत नाहीं. पहिल्या पक्षाचा आक्षेप एवढ्यापुरता खरा आहे. मुलास अपूर्णांकाचा बोध होत नसे हें म्हणणें चूक. त्यास कांहीं विशिष्ट अपूर्णांकांचा उत्तम बोध होत असे, पण अपूर्णांक ह्या सामान्य कल्पनेचा होत नसे, असें म्हणणें बरोबर.

(५)

आतां दुसऱ्या पक्षाचें म्हणणें. अंकलिपी ही लीलावतीची लेक आहे काय?

भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणि इ. स. ११५० मध्यें पुरा केला. लीलावती हा त्याचाच पहिला भाग. तींत अपूर्णांकांस भिन्न म्हटलें असून, भागजाति, प्रभागजाति, भागानुबंध व भागापवाह हे चार प्रकार आधीं सांगून नंतर भिन्नांचीं आठ परिकर्में दिलीं आहेत. अंश वर व छेद खालीं अशी मांडणी आहे; मध्यें रेघ नाहीं. ती रेघ अरब गणितींनीं घातली, त्यांच्याकडून ती युरोपांत गेली, आणि तेथून आमच्या पाठ्यपुस्तकांत आली. लीलावतींत छेद कोणताही असूं शकतो. पावकी-निमकीसारखा एकही पाढा तींत नाहीं. एका ग्रंथांत रीति आहे व पाढा नाहीं. दुसऱ्यांत पाढा आहे व रीति नाहीं. इतका भेद असलेल्या दोन ग्रंथांस आईलेक म्हणण्यास पुराव्याची गरज आहे, आणि तो पुरावा आजवर कोणीं पुढें केलेला नाहीं.

ह्यासंबंधांत चाळीसगांवानजीकच्या पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखाचा दाखला कित्येकदां दिला जातो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं प्रसिद्धीस आणलेल्या ह्या लेखांत भास्कराचार्यांचा नातू, सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव, यानें आपल्या आजाच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचें सांगितलें आहे. लेखाचा शेवटचा भाग मराठींत आहे व त्यांत मठाच्या उत्पन्नाच्या बाबी आहेत. मापणावळीपैकीं अर्धी मठास व अर्धी मापाऱ्यास अशी वांटणी त्यांत येते. ज्या मठांत भिन्नांचें गणित शिकवीत, त्याचा निर्वाह बाजारांतील अर्ध्या हिश्शावर होत होता, ही गोष्ट मोठी मनोरंजक आहे. परंतु बाजारानें मठास पोसलें ह्यावरून मठानें बाजारास गणित शिकविलें असें सिद्ध होत नाहीं. त्या मठांत वाण्याउदम्यांचीं मुलें शिकत होतीं असें लेखांत कोठेंही नाहीं.

तथापि ह्या दोन परंपरांचा कांहींच संबंध नव्हता असेंही नाहीं. लीलावतीच्या आरंभींच नाण्यांचें कोष्टक आहे : वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. चार आणि सोळा हे आपल्या ओळखीचे आंकडे येथेंही आहेत. पुढें प्रभागजातींत एका कृपणाचें उदाहरण येतें. तो याचकास द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पंचमांशाच्या षोडशांशाचा चतुर्थांश देतो. तर त्यानें किती कवड्या दिल्या? गुणाकार केला असतां द्रम्माचा १२८० वा भाग येतो, आणि कोष्टकाप्रमाणें द्रम्माच्या कवड्याही १२८० च होतात. म्हणजे एवढा आटापिटा करून दान एका कवडीचें. विद्यार्थ्यानें रीति बरोबर केली कीं नाहीं हें कोष्टक सांगतें, आणि कोष्टकाचा अर्थ रीति सांगते. भास्कराचार्यांनीं बाजाराकडे पाठ फिरविलेली नव्हती.

ह्याहून महत्त्वाचें उदाहरण भागानुबंध व भागापवाह यांचें आहे. आचार्य विचारतात कीं, पावासहित दोन आणि पावानें उणे तीन यांचें सवर्णन केल्यास काय येईल? हे तर आपले सव्वादोन आणि पावणेतीन. सपादापासून सव्वा झाला, पादोनापासून पाऊण झाला. एकांत पाव मिळविलेला, दुसऱ्यांत पाव वजा केलेला. जें विद्यार्थ्याच्या तोंडीं बोलीभाषेंत आधींच आहे तें घेऊन आचार्य त्याला एक पाऊल पुढें नेतात : सव्वादोन म्हणजे नऊ चतुर्थांश, पावणेतीन म्हणजे अकरा चतुर्थांश. एकदां ही रीति समजली कीं पावाच्या जागीं तृतीयांश घाला, सप्तमांश घाला, अडचण नाहीं.

प्रस्तुत लेखकाच्या मतें सर्व वादाचें मर्म येथें आहे. अंकलिपी जेथें थांबते तेथून लीलावती आरंभ करते. अंकलिपी सव्वादोन हें नांव देते, त्याचें स्थान दाखविते, त्याचा हिशेब करविते. परंतु त्याचे नऊ पाव होतात हें सांगत नाहीं. लीलावती नेमकें तेंच सांगते. दोहोंत आईलेकीचें नातें नाहीं. एकाच जिन्याच्या ह्या दोन पायऱ्या आहेत, आणि आमच्या शाळांत त्या दोन पायऱ्या एकाच मुलाच्या पायांखालीं क्वचितच आल्या. पंतोजीचा विद्यार्थी पहिलीवर राहिला, शास्त्र्याचा विद्यार्थी दुसरीवर गेला.

(६)

इंग्रजी अमलांत हें अंतर भरून निघावयास हवें होतें. साधनें जवळ होतीं. जॉन टेलर यानें केलेलें लीलावतीचें इंग्रजी भाषांतर १८१६ सालीं मुंबईंतच छापलें गेलें. कोलब्रूकचें लगेच १८१७ सालीं निघालें. त्यानंतरच्या दशकांत मुंबईच्या शिक्षणमंडळीसाठीं कॅप्टन जॉर्ज जार्व्हिस यांनीं गणिताचीं पुस्तकें मराठींत आणिलीं. परंतु तीं इंग्रजी ग्रंथांच्या आधारें रचलेलीं होतीं, आणि शाळांत पुढें रूढ झालेला क्रमही तिकडलाच होता. अंश, छेद हे शब्द संस्कृतांतून घेतले, मांडणी युरोपची घेतली; पण सव्वादोनाकडून नऊ चतुर्थांशांकडे जाण्याची आचार्यांची वाट मात्र घेतली नाहीं. अंकलिपी एका बाजूस तोंडीं चालू राहिली, व्यवहारी अपूर्णांक दुसऱ्या बाजूस पाटीवर सुरू झाले. पाऊण आणि तीन चतुर्थांश हे एकच, हें मुलानें आपलें आपण ओळखावयाचें.

पुढें १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि १९५६ च्या कायद्यान्वयें मेट्रिक मापें आलीं. ज्या मापांवर अंकलिपी उभी होती तीं मापेंच गेलीं. आणा सव्वासहा पैशांचा झाला, म्हणजे सोळाव्या हिश्शाचें पुरें नाणें उरलें नाहीं. अधेलीस पन्नास व पावलीस पंचवीस पैसे असल्यामुळें तीं तेवढीं तगलीं. उलट रुपयाचा पंचमांश, जो पूर्वी पैंतही पुरा निघत नसे, तो वीस पैसे असा सहज निघूं लागला. प्रत्येक मापपद्धति कांहीं अपूर्णांक सोपे करते व कांहीं अवघड करते, हें ह्यावरून ध्यानांत यावें. तेव्हां जुने सर्व पाढे पुन्हां शाळांत सुरू करा अशी मागणी करणारांस आमचा पाठिंबा नाहीं. औटकीचें आज शाळेंत काम नाहीं. तिची जागा इतिहासांत आहे.

परंतु आज बाजारांत मिळणाऱ्या अंकलिप्यांविषयीं तक्रार केल्यावांचून राहवत नाहीं. कित्येकींतून हीं कोष्टकें गळालीं आहेत. ज्यांत उरलीं आहेत त्यांत तीं कशासाठीं आहेत ह्याचा एका ओळीचाही खुलासा बहुधा नसतो. औट म्हणजे साडेतीन हें शिकविणारासही ठाऊक नसतें. रेघांची मांडणी नाहीं, मापांचा मागमूस नाहीं. अशा स्थितींत पहिल्या पक्षाचा आक्षेप, जो जुन्या शाळेस पुरता लागू नव्हता, तो आजच्या पुस्तकास मात्र पुरता लागू पडतो : अर्थ गेला व घोकणें उरलें. ह्यावर उपाय अवघड नाहीं. पावकी, निमकी, पाऊणकी एवढे तीन पाढे ठेवावेत; त्यांच्या शेजारीं पाव म्हणजे एक चतुर्थांश, पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश, सव्वादोन म्हणजे नऊ चतुर्थांश असें सवर्णनाचें एक कोष्टक द्यावें; आणि मग तृतीयांश व पंचमांश घ्यावेत. मूल घरीं सव्वा, दीड, अडीच, पाऊण हे शब्द आजही ऐकतें. घड्याळ पाहतांना, दूध घेतांना हेच शब्द त्याच्या कानांवर पडतात. शाळेनें त्या शब्दांशीं ओळख नसल्यासारखें वागण्याचें कारण नाहीं.

राहतां राहिली संशोधकांस विनंति. आमचें अनुमान असें कीं, पाढे एकेरी नांवांच्या अपूर्णांकांचेच होते व तिजाईचा पाढा नव्हता. हें छापील अंकलिप्यांवरून काढलें आहे, आणि छापील अंकलिपी ही ह्या परंपरेची शेवटची अवस्था होय. जुन्या दप्तरांबरोबर उजळणीचें एखादें हस्तलिखित बाड सांपडलें, तर तें पोरांचें म्हणून बाजूस न टाकतां, त्यांत कोणते पाढे आहेत, कोणत्या क्रमानें आहेत, निमकीस दुसरें कांहीं नांव आहे काय, व रेघा कशा काढल्या आहेत, ह्याची नोंद करावी. त्यांत तिजाईचा किंवा पंचमांशाचा पाढा निघाला, तर वरील चौथ्या भागांतील विवेचन बदलावें लागेल. आणि तें बदलण्यास आम्ही तयार आहों.